फादरना ‘नाही’ म्हटलं, तर देवाला ‘नाही’ म्हटल्यासारखं होतं का?

वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका वाडीतून चार पानी पत्र आलं आहे. त्याचा गाभा असा:

‘वय ४३. अंधेरीला खासगी कंपनीत नोकरी. सकाळी ७.१० ला घर सोडते, संध्याकाळी ७.४० ला परत येते. खुब्याचं हाड मोडल्यापासून सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत. मुलगा दहावीला. मी रविवारी धर्मशिक्षणाचा वर्ग घेते, क्वायरमध्ये (चर्चच्या गायकवृंदात) गाते, वाडीतल्या ४० घरांच्या ख्रिस्ती समूहाची प्रमुख आहे, गरिबांना मदत करणाऱ्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या कामात आहे आणि चर्चच्या मासिक पत्रकाचं टायपिंगही माझ्याकडेच असतं. रात्री सव्वासहा तास झोप मिळाली तर नशीब. आता फादर म्हणताहेत, जानेवारीतल्या सणाच्या समितीचं सचिवपद घ्या, वांद्र्याच्या मोतमाऊलीच्या जत्रेनंतर सांगा. घरी बोलले तर नवरा म्हणाला, “चर्चमध्येच खाट टाक.” दोन दिवस आमचं बोलणं नाही. रागात वाटतं, सगळंच सोडून द्यावं. पण मुलगा पाच वर्षांचा असताना डेंग्यूने आयसीयूत होता, तेव्हा मी देवाला शब्द दिला होता: हा वाचला तर तुझ्या कामाला कधी नाही म्हणणार नाही. आता कोणत्या तोंडाने नाही म्हणू?’

ताई,

पत्रातलं शेवटचं वाक्य आधी घेतो. ती गाठ सुटत नाही तोवर वेळापत्रकाबद्दल काहीही सांगितलं तरी तुम्ही मान डोलवाल आणि रविवारी फादरना ‘हो’ म्हणून मोकळ्या व्हाल.

आयसीयूबाहेर तुम्ही जे बोललात तो नवस होता का? कॅथलिक चर्चच्या कायद्यात नवसाची व्याख्या नेमकी आहे. १९८३ च्या कायदासंहितेचं कलम ११९१ सांगतं की नवस म्हणजे शक्य असलेल्या आणि अधिक चांगल्या गोष्टीबद्दल विचारपूर्वक आणि मोकळेपणाने देवाला दिलेलं वचन. त्यातला ‘शक्य’ हा शब्द धरून ठेवा. ‘कधीच नाही म्हणणार नाही’ हे कुणालाही शक्य नाही, कारण उद्या एकाच वेळी दोन ठिकाणांहून बोलावणं आलं तर एकीकडे ‘नाही’ झालंच. शिवाय पाच वर्षांचं पोर काचेपलीकडे असताना आईच्या तोंडून निघालेलं वाक्य किती विचारपूर्वक होतं, हाही प्रश्न आहेच. तो आईचा आक्रोश होता. देवाने तो करारनामा म्हणून फायलीला लावून ठेवला असेल, असं आम्हाला वाटत नाही.

तरी तुमचं मन खात असेल, तर त्यालाही रीतसर वाट आहे. कलम ११९६ प्रमाणे खासगी नवसातून मोकळं करण्याचा अधिकार तुमच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) प्रमुख धर्मगुरूंना आहे. त्यासाठी बिशप हाऊसची पायरी चढावी लागत नाही. कारण रास्त असावं आणि त्यात दुसऱ्या कुणाचा हक्क बुडू नये, एवढ्याच अटी आहेत. नवस बदलूनही घेता येतो. तेव्हा फादरकडे जाल तेव्हा सचिवपदाच्या आधी हा विषय काढा. सरळ सांगा: ‘फादर, दहा वर्षांपूर्वी मी असं बोलले होते. ते मला पेलवत नाही. यातून मला मोकळं करा, किंवा मला झेपेल असं काही त्याच्या जागी सांगा.’ त्या जागी मागायला चांगली गोष्ट म्हणजे मुलगा वाचला त्या तारखेला दरवर्षी मिस्सा (चर्चमधला मुख्य प्रार्थनाविधी) आणि एका आजारी मुलाच्या औषधाचा खर्च. हे करता येतं आणि पुरं झालं की पुरं झालं असं कळतं. बायबलमधल्या उपदेशकाच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात हीच सावधगिरी सांगितली आहे: फेडता न येणारा नवस करण्यापेक्षा न केलेला बरा. शास्ते पुस्तकातला इफ्ताह आठवा. जिंकून परतलो तर घरातून जे पहिलं सामोरं येईल ते देवाला वाहीन, असं विचार न करता बोलला आणि पोटच्या मुलीवर आलं. तुमच्या बाबतीत ते घरादारावर येऊ लागलं आहे.

आता तासांकडे वळू. ‘वेळ मिळत नाही’ असं तुम्ही पत्रात सहा वेळा लिहिलं आहे, पण किती मिळत नाही हे एकदाही मोजलेलं नाही. तुमच्याच आकड्यांवरून आम्ही मोजून पाहिलं. आठवड्याचे तास १६८. नोकरी आणि प्रवास मिळून रोज साडेबारा, पाच दिवसांचे ६२.५. झोप रात्री ७ तास धरली तर ४९. स्वयंपाक, धुणं, बाजार, आवराआवर कामाच्या दिवशी २ तास आणि शनिवार-रविवार मिळून १५, म्हणजे २५. सासूबाईंचं अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं, औषधं रोज दीड तास, आठवड्याचे १०.५. तुमची स्वतःची आंघोळ, जेवण, कपडे यांना तेवढेच, १०.५. रविवारची मिस्सा जाऊन-येऊन दीड तास. बेरीज १५९. हाती उरले ९ तास.

चर्चची कामं आता दुसऱ्या बाजूला मांडू. धर्मशिक्षणाचा वर्ग १ तास, तयारी दीड, शिक्षकांची महिन्याची बैठक आठवड्यावर वाटली तर अर्धा: ३. क्वायरची तालीम आणि रविवारी लवकर पोचणं: २. व्हिन्सेंट डी पॉलची बैठक आणि शनिवारच्या दोन भेटी: अडीच. पत्रकाचं टायपिंग आठवड्यावर वाटून: १. राहिला समूह. महिन्याची सभा आठवड्यावर वाटून अर्धा तास आणि घरभेटी दीड, इथवर ठीक आहे. पण फोन आणि व्हॉट्सअॅप रोज अर्धा तास, म्हणजे आठवड्याला साडेतीन, हे तुम्ही कामात धरलेलंच नाही. ‘मिस्सा किती वाजता’, ‘मयत कुणाची’, ‘बसमध्ये दोन जागा ठेवा’. समूह एकटाच साडेपाच तास खातो. एकूण १४.

१४ मधून ९ गेले, राहिले ५. एवढी उसनवारी तुम्ही दर आठवड्याला करता, आणि ती कुठून करता तेही पत्रात आहेच. सातऐवजी सव्वासहा तास झोप. रोजचा पाऊण तास, सात दिवसांचे सव्वापाच. हिशेब जुळला! तुम्हाला शिस्त नाही किंवा भक्ती कमी पडते, अशी शंका तुम्ही दुसऱ्या पानावर घेतली आहे. ती काढून टाका, इथे बेरीजच चुकली आहे. आणि मुलाशी, नवऱ्याशी निवांत बसण्याचा एकही तास वर कुठे धरलेला नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

हे झालं साध्या आठवड्याचं. ऑक्टोबरात जपमाळ घरोघर फिरते, डिसेंबरात करंज्यांपासून क्रिबपर्यंत (येशूजन्माच्या देखाव्यापर्यंत) सगळं अंगावर येतं, उपवासकाळात क्रूसाची वाट आणि पवित्र सप्ताहाच्या तालमी असतात. त्या दिवसांत १४ चे २० कधी होतात ते कळतही नाही. सणाच्या सचिवाचं काम सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत कमीत कमी धरलं तरी आठवड्याला ४ तास आणि नोव्हेनाच्या, म्हणजे सणाआधीच्या प्रार्थनेच्या नऊ दिवसांत रोज ३. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं.

तेव्हा ‘रागात वाटतं, सगळंच सोडून द्यावं.’ हे मात्र करू नका. लोयोलाच्या संत इग्नेशियस यांचा नियम आहे की मन उदास, कोरडं, अंधारलेलं असताना आधीचे निर्णय बदलायचे नाहीत. पत्र तुम्ही रात्री, भांडणानंतर लिहिलंय. त्या रात्री घेतलेला निर्णय शनिवारच्या सकाळी टिकत नाही, मग तुम्ही अपराधी वाटून पाचाची सहा कामं कराल. इग्नेशियस यांनीच निर्णयासाठी एक युक्ती दिली आहे, ती वापरा. तुम्ही कधीच न पाहिलेली एक बाई, याच वयाची, याच अडचणीतली, तुमच्याकडे सल्ला मागायला आली आहे असं समजा. तिला काय सांगाल ते कागदावर लिहा. आमची खात्री आहे की तिला तुम्ही सहावं काम घ्यायला सांगणार नाही.

आता जरा कडू बोलतो. ‘देवाचं काम’ या दोन शब्दांखाली तुम्ही सगळं एकाच टोपलीत टाकलं आहे. मार्कच्या सातव्या अध्यायात येशू परुश्यांवर, म्हणजे त्या काळच्या कर्मठ धर्मपंथीयांवर, एका नेमक्या गोष्टीसाठी चिडतो. आईबापांना जे द्यायचं ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेलं, असं म्हणून लोक हात झटकत होते. देवाच्या नावाने घरच्यांचं देणं बुडवायची ती सोय होती. तुम्ही सासूबाईंना टाकलेलं नाही, रोज दीड तास हाताने करता. पण एक विचारतो: दर शनिवारी तुम्ही दोन म्हाताऱ्यांच्या घरी भेटीला जाता, त्यांच्याशी गप्पा मारता. तुमच्या सासूबाईंकडे कोण येतं? त्यांच्यासाठी कम्युनियन (मिस्सातला पवित्र प्रसाद) घरी आणायला कुणाला सांगितलंय का? पत्रात त्यांचं अंग पुसणं आहे, औषध आहे, त्यांचा एक शब्दही नाही. चर्चच्या आजाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव घाला. ती यादी फक्त दुसऱ्यांच्या सासवांसाठी नसते.

संत फ्रान्सिस दे सेल्स यांनी १६०९ मध्येच लिहून ठेवलंय की भक्ती ज्याच्या-त्याच्या आयुष्याला शोभणारी हवी. बिशपने एकांतवासी साधूसारखं राहणं किंवा कारागिराने मठवासीयासारखं दिवसभर चर्चमध्ये बसणं याला ते हास्यास्पद म्हणतात. दहावीच्या मुलाची आई आणि नोकरदार सून ही तुमची आजची हाक आहे. मुलगा बारावी झाल्यावर ती बदलेल, तेव्हा नवी बेरीज मांडा.

९ तासांचं काय करायचं ते पाहू. त्यातले २ तास मोकळे ठेवा आणि ते कशालाही देऊ नका. वाडीत मयत झाली की तुम्हाला जावंच लागतं. मग सातव्या दिवसाची मिस्सा असते, कुणाचं लग्न, कुणाचं बाळंतपण असतं. आपल्याकडे आठवडा कोरा जात नाही. बहुतेक लोक वेळापत्रक काठोकाठ भरतात आणि पहिल्या मयतीलाच ते कोसळतं. आणखी २ तास मुलगा आणि नवऱ्यासाठी, ठरलेल्या वारी. उरले ५.

पाच तासांत धर्मशिक्षणाचे ३ आणि क्वायरचे २ बरोबर बसतात. हीच दोन का? धर्मशिक्षणाचं वर्ष शाळेबरोबर चालतं, मुलांना तुमची सवय झाली आहे, मधेच वर्ग टाकणं बरं नाही. मार्चअखेर पुन्हा विचार करा. क्वायरबद्दल तुम्ही लिहिलंय, ‘तिथे तेवढा श्वास मिळतो, म्हणून तेच आधी सोडावं असं वाटतं, कारण ती माझी हौस.’ अगदी उलट करा. थकलेली माणसं आधी स्वतःच्या आनंदाचं काम सोडतात आणि ज्याने थकवा येतो ते कर्तव्य म्हणून धरून बसतात. सहा महिन्यांत ती दोन्ही सोडतात. अन्नाची चव गेलेल्या माणसाला उपास करायला कुणी सांगतं का?

उरलेली तीन कामं सोडायची, पण टाकून द्यायची नाहीत.

समूहाचं काम सगळ्यात मोठं, म्हणून तिथे मन लावून करा. निर्गमच्या १८ व्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्यायनिवाडा करत बसतो आणि त्याचा सासरा इथ्रो बघून म्हणतो, हे काही बरं नाही, तूही झिजशील आणि लोकही. मग तो हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेमायला सांगतो. तुमच्या वाडीतली ४० घरं म्हणजे दहा-दहा घरांचे चार गट आहेत. बावखलाकडची (तळ्याकडची) दहा, रस्त्याकडची दहा, अशी आळीप्रमाणे पाडा. प्रत्येक आळीला त्याच आळीतलं माणूस हवं. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची तक्रार आली, तेव्हा निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक होती. ज्यांची अडचण, त्यांच्यातलाच माणूस. वाडीतही हे तंतोतंत लागू पडतं, कारण बावखलाकडच्या म्हातारीला काय दुखतंय ते रस्त्याकडच्या बाईला कळत नाही.

त्यासाठी ऑक्टोबर सोन्यासारखा महिना आहे. जपमाळ रोज संध्याकाळी घरोघर फिरते, सगळे आपसूक भेटतात. पहिल्या आठवड्यात जपमाळ तुम्ही चालवा, दुसऱ्यात त्या आळीच्या माणसाला चालवू द्या आणि तुम्ही शेजारी बसा, तिसऱ्यात मागच्या रांगेत बसा, चौथ्यात घरी राहा. ३१ तारखेला वही द्या. वहीत काय हवं? प्रत्येक घरातली माणसं आणि फोन नंबर, अंथरुणाला असलेले कोण, कम्युनियन कुणाला घरी न्यायचं, एकटे राहणारे कोण, कुणाच्या घरी भांडण असल्याने सभा ठेवायची नाही (हे तोंडी सांगा, लिहू नका), आणि पैसे. पैशाबाबत ढिलाई नको. जमा-खर्च पावत्यांसकट जुळवा, शिल्लक दोन माणसांसमोर मोजा, आकडा वहीत लिहून तिघांच्या सह्या घ्या. नंतर कुणी कितीही चांगलं असलं तरी ‘त्यांच्या वेळी चारशे कमी होते’ ही कुजबुज पुसता येत नाही.

इथे हमखास एक गोष्ट बिघडते. वही जाते पण फोन तुमच्याकडेच राहतो. वर्षानुवर्षं लोकांच्या बोटाला तुमचा नंबर लागला आहे. ‘त्या ताई उचलत नाहीत म्हणून तुम्हालाच केला’ असं म्हणतील. उत्तर द्यायचं नाही, नवीन माणसाचा नंबर द्यायचा, आणि मिस्साची वेळ तुम्हाला पाठ असली तरी सांगायची नाही. हे कठोर वाटेल. पण तुम्ही एकदा सांगितलीत की नवं माणूस नावापुरतं उरतं. व्हॉट्सअॅप ग्रुपचं अॅडमिनपद त्याच दिवशी सोडा. आणि नवीन बाई सभेचा चहा गार देते, बैठक वीस मिनिटं लांबवते, हे दिसेल तेव्हा तीन महिने तोंडातून शब्द काढू नका. तुमचीही पहिली सभा आठवून बघा.

व्हिन्सेंट डी पॉलच्या भेटी एकदम थांबवता येणार नाहीत. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या सोबत्यांनी ती संस्था काढली तेव्हापासून घरभेट हा तिचा प्राण आहे. भेटीला दोघांनी मिळून जायची रीत आहे, तिचाच उपयोग करा. ज्या कुणाला सोपवायचं त्यांना दोन शनिवार सोबत न्या. तिसऱ्या शनिवारी त्या पुढे, तुम्ही मागे. चौथ्या शनिवारी म्हातारीला स्वतः सांगा, ‘आता दर शनिवारी या येतील, मी नाताळाला येईन.’ आणि नाताळाला जा. वाट बघणाऱ्या माणसाला निरोप न देता नाहीसं होणं, हे सगळ्या यादीतलं एकच खरं पाप ठरेल.

पत्रकाचं टायपिंग शिकलेल्या कुठल्याही पोराला येतं. दहावी-बारावी झालेला एखादा पकडा, मराठी फॉन्ट आणि जुन्या अंकाची फाइल द्या, झालं.

आता फादर. त्यांच्यावर राग धरू नका. ज्याच्याकडे दिलेलं काम होतं त्यालाच माणूस पुढचं काम देतो. शिवाय तुमची पाच कामं पाच वेगळ्या वहीत आहेत. धर्मशिक्षणाच्या सिस्टरना क्वायर माहीत, पण समूहाचे फोन माहीत नाहीत. फादरना कदाचित यातली तीनच माहीत असतील. आणि फादर बदलून जातात, तुमची कामं तशीच राहतात, म्हणून बेरीज ठेवायची जबाबदारी तुमचीच.

‘नाही’ कसं म्हणायचं? मिस्सानंतर चर्चच्या दारात नाही, तिथे चार माणसं ऐकत असतात आणि तुम्ही भिडेपोटी वाकाल. व्हॉट्सअॅपवरही नाही. आदल्या दिवशी फोन करून दहा मिनिटं मागा, ऑफिसात बसून बोला. जत्रा संपायची वाट पाहू नका, याच आठवड्यात जा. तुम्ही जितके दिवस घालवाल तितके दिवस फादर दुसरं माणूस शोधणार नाहीत. वरच्या हिशेबाचा कागद सोबत न्या. बोलायचं एवढंच: ‘फादर, विचारलंत याबद्दल आभार. मी सचिवपद घेणार नाही. सध्याच्याच कामांना मी पुरी पडत नाहीये, हा हिशेब बघा. यातली तीन मी नाताळाआधी नीट सोपवणार आहे.’ मग गप्प बसा. खरी अडचण या गप्प बसण्यात येते. शांतता पडली की आपण घाबरून बोलतो, ‘पण नोव्हेनाचं तेवढं मी बघेन,’ आणि परत तिथेच येतो.

सासूबाईंचं कारण पुढे करू नका. ते खरं आहे, पण पुरेसं नाही. त्या उद्या वॉकरवर चालू लागल्या तर तुमचा ‘नाही’ आपोआप ‘हो’ होईल, आणि त्यांना मात्र वाटत राहील की सुनेच्या सेवेत आपण अडसर झालो. मैत्रिणीचं नाव तिला न विचारता सुचवू नका. फादर म्हणाले, ‘देवाच्या कामाला वेळ नाही?’ तर हसून म्हणा, ‘देवाच्या कामासाठीच सोडतेय.’ मार्कच्या पहिल्या अध्यायात कफर्णहूमला लोक येशूला शोधत असतात. शिमोन येऊन सांगतो, सगळे तुमचा शोध करताहेत. येशू पहाटे उठून प्रार्थनेला गेलेला असतो आणि म्हणतो, चला, आपण दुसऱ्या गावी जाऊ. कफर्णहूमच्या लोकांना काय वाटलं असेल ते मार्क लिहीत नाही.

पुढे कधी कुणी नवं काम विचारलं तर तीन रात्री झोपून मगच उत्तर द्यायचं, आणि त्याआधी विचारून घ्यायचं: आठवड्याला किती तास? कुठल्या वारी? कोणत्या तारखेपर्यंत? पैसे हाताळायचे आहेत का? सोबत कोण? आणि माझ्याआधी कोण करत होतं, त्यांनी का सोडलं? शेवटचा प्रश्न विचारायला लाज वाटते, पण बहुतेक वेळा खरी माहिती तिथेच निघते. सांगितलेल्या तासांची दुप्पट धरा. ‘कधीपर्यंत’ याला तारीख मिळाली नाही तर काम घेऊ नका. आणि एक घ्यायचं तर एक सोडायचं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण ती दिसते. आठवड्याला १४ तास चर्चच्या कामात आहात आणि चार पानांत तुमच्या स्वतःच्या प्रार्थनेचा उल्लेख नाही. दुसऱ्यांसाठी जपमाळ चालवणारी बाई स्वतः कधी बसते? पंधरा मिनिटं पुरेत. स्टेशनवर बसायला जागा मिळाली तर विरार लोकलमध्येही जमतं, फक्त फोन पर्समध्ये ठेवा. रात्री झोपताना दिवस उलटा आठवा: आज कुठे जिवंत वाटलं, कुठे ओढाताण झाली. महिनाभर एकेक ओळ लिहिलीत तर मार्चचा निर्णय त्या वहीतूनच निघेल. रविवारचंही तसंच. कलम १२४७ मध्ये मिस्साबरोबर मनाला आणि शरीराला आवश्यक विश्रांतीही सांगितलेली आहे. तुमचा रविवार वर्ग, क्वायर, बैठक आणि १५ तासांतल्या साडेसात तासांच्या घरकामात जातो. यातलं घरकाम नवऱ्याने आणि मुलाने वाटून घ्यायचं आहे. त्यासाठी नवऱ्याशी बोलावं लागेल.

ते बोलणं आजच करा, फादरकडे जाण्याआधी. हिशेबाचा कागद स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवा आणि ‘उरले ९’ यावर बोट ठेवून विचारा, ‘यातले दोन तुझे आणि पोराचे. कुठल्या वारी हवेत?’ खाटेवरचं वाक्य परत काढू नका. त्याने वार सांगितला की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याच्याच हाताने लिहून घ्या. आणि त्या दोन तासांत कपाटं आवरायची नाहीत. सासूबाईंच्या खोलीत चौघं बसून चहा प्यायलात तरी चालेल.

या महिन्याचं पत्रक मात्र तुम्हीच टाइप करून द्या. ते कबूल केलेलं आहे.